दादाला विचारून आलोय

मास्तरांच्या ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि या दोन वर्षांत ज्याने कोणी विचारलं त्याला मास्तरांचं एकच उत्तर असायचं. "आता काय, ठणठणीत."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. चाळीस वर्षं ते पुरुषांच्या पँटा आणि सूट शिवत आले होते. किल्ल्या करणारा आणि चष्मेवाला यांच्या मधोमध त्यांचं चिंचोळं दुकान. पुढे काउंटर, मागे कापायचं टेबल, त्याच्या मागे पडदा आणि पडद्याआड ट्रायलची खोली. खोली कसली, दोन माणसं शिरली तर एकाला श्वास बाहेर सोडून ठेवावा लागेल एवढी जागा. पण मास्तरांच्या हातची पँट घातली की पोट सुटलेला माणूससुद्धा उभा राहिल्यावर बरा दिसतो, अशी ख्याती होती, आणि गिऱ्हाईक बाप-लेक दोन्ही पिढ्यांचं होतं.

एकसष्टाव्या वर्षी बायकोने मागे लागून त्यांची रक्ततपासणी करवली. लघवीला वरचेवर उठतात, एवढंच निमित्त. आकडा जास्त आला, मग सुया टोचून तुकडे काढले, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. मूत्रविकाराचे डॉक्टर शांत स्वभावाचे होते. ते म्हणाले, "हा फार सावकाश चालणारा प्रकार आहे. घाई नाही. दर काही महिन्यांनी तपासू, लक्ष ठेवू. गरज पडली तर ऑपरेशन आहेच."

"घरात साप शिरलाय म्हटल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवत कोण बसतं?" मास्तर म्हणाले. "काढून टाका."

डॉक्टरांनी दोनदा समजावलं. ऑपरेशननंतर काय काय होऊ शकतं त्याचा कागद पुढे ठेवला. मास्तरांनी शेवटचं पान उलटलं आणि डॉक्टरांनी जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. कॅन्सर हा शब्द कानात शिरला होता, त्याच्यामागून आलेलं काहीच आत शिरलं नव्हतं.

ऑपरेशन झालं, लघवीची नळी निघाली आणि गळती सुरू झाली. खोकलं की थोडं, वाकलं की थोडं, हसलं की जास्त. डॉक्टरांनी व्यायामाचा कागद दिला होता. तो आठ दिवस केला, फरक पडेना म्हणून सोडला. मास्तरांनी आधी अस्तराच्या कापडाच्या घड्या करून वापरल्या, मग लांबच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून पॅड आणायला लागले. स्वतःच्या पँटा काळ्या कापडाच्या आणि मांड्यांत सैल कापल्या. गिऱ्हाइकाच्या पायाशी वाकून माप घ्यायचं टाळायला लागले. जुनी पँट आणा, तिच्यावरून घेतो, म्हणायचे.

आणि दुसरी गोष्ट अशी, की नवरा-बायकोच्या त्या बाबतीत ऑपरेशनपासून काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं. बायकोने एकदा त्यांची समजूत काढायला हसून म्हटलं, "जाऊ द्या हो, या वयात आता काय करायचंय?" तिच्या मनात माया होती. मास्तरांना ती कळलीही. पण त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले.

दर सहा महिन्यांनी डॉक्टर विचारायचे, "काही त्रास?" तोपर्यंत त्यांचा हात पुढच्या फायलीवर गेलेला असायचा, आणि बाहेर पंधरा माणसं ताटकळत असायची. मास्तर म्हणायचे, "नाही, ठीक आहे."

मास्तरांना एकच भाऊ. नऊ वर्षांनी धाकटा. धाकटा पोहण्याच्या तलावावर शिकवायचा. चोपन्नाव्या वर्षीही अंगावर एक सुरकुती नाही, खांदे दारात मावणार नाहीत असे. घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत. त्याची बायको, म्हणजे मास्तरांची भावजय, एका चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायची, मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. सख्ख्या भावाला झालंय म्हटल्यावर तुम्हीही तपासून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो बरेच दिवस टाळत होता, मग बायकोनेच नेलं.

एका दुपारी मास्तर शटर अर्धं ओढून डबा उघडत होते, तेवढ्यात धाकटा वाकून आत आला. केस ओले, अंगाला तलावाच्या औषध घातलेल्या पाण्याचा वास. त्याने खांद्यावरची बॅग काउंटरवर ठेवली. चेनमधून एक मोठं तपकिरी पाकीट अर्धं बाहेर आलेलं होतं.

"दादा, माझंही निघालं."

"काय निघालं?"

"तुझंच ते."

मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला. धाकटा स्टुलावर बसला आणि समोरच्या कोटाला लावलेल्या टाचण्या बघत राहिला.

"डॉक्टर ऑपरेशन म्हणतात. आणि लगेच. ही तर तारीख घेऊन मोकळी होतेय. मी म्हटलं, आधी दादाला विचारतो." तो थांबला. "खरं सांग. लोकांना सांगतोस ते नको."

दोन वर्षांत मास्तरांना असं कोणीच विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे ते "बरे आहात ना?" असं, म्हणजे उत्तर प्रश्नातच घालून. आज भाऊ समोर बसून खरं मागत होता. मास्तरांनी डबा बाजूला सारला आणि बोलायला सुरुवात केली. तोंड उघडलं ते मिटेचना.

त्यांनी खण उघडून पॅडांचा गठ्ठा दाखवला. एका गिऱ्हाइकाच्या विनोदावर हसताना मांडीवरच्या बदामी सुटाच्या कापडावर डाग पडला होता आणि चहा सांडला असं सांगून तेवढं कापड नवीन आणून द्यावं लागलं होतं, ते सांगितलं. लग्नाकार्याला जातो तिथे आधी बाथरूम कुठे आहे ते बघून ठेवतो, ते सांगितलं. "आणि घरात म्हणशील तर आम्ही दोघं आता भाऊ-बहिणीसारखे झोपतो," ते म्हणाले.

धाकट्याने तो खण हळूच ढकलून बंद केला. मग त्याने विचारलं, "पाण्यात?"

"पाण्यात कोणाला कळणार नाही," मास्तर म्हणाले. "पण तुला कळेल."

"आणि परत विचारलं तुला, करायचं का, तर?"

"तर नाही करणार," मास्तर म्हणाले. "असतील तेवढे दिवस धड जगेन."

धाकट्याने मान हलवली. बॅग उचलली, पाकीट आत ढकललं आणि चेन लावली. त्या पाकिटात काय लिहिलंय हे मास्तरांनी विचारलं नाही. तुझंच ते, असं तो म्हणाला होता, आणि मास्तर तसंच धरून चालले होते. त्या दिवशी त्यांना दोन वर्षांत प्रथमच हलकं वाटलं. उरलेला डबा त्यांनी चाटूनपुसून खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत तीन पँटा कापून ठेवल्या. आपण बोललो ते भावाच्या पोटात जाऊन काय करील, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

धाकट्याने घरी सांगितलं, दादाला विचारून आलोय, ऑपरेशनची गरज नाही. डॉक्टरांना परत भेटलो, तेही आता म्हणालेत नुसतं लक्ष ठेवू. दादालाही आधी तेच सांगितलं होतं की नाही? होतंच. सगळ्यांना ते आठवत होतं, त्यामुळे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. भावजयीने खोदून खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, तपासण्या चालू आहेत, तलावावरून जाताना करून येतो. मास्तरांना त्याचा थोडा हेवाही वाटला. आपण ऐकलं नाही, याने ऐकलं, सुटला, असं त्यांना वाटायचं.

चौदा महिने गेले. मग धाकट्याची कंबर दुखायला लागली. पाण्यात ताण बसला असेल म्हणून त्याने पट्टा लावला, शेक घेतला, मलम चोळलं. एक दिवस सकाळच्या तुकडीला शिकवून तो शिडीवरून वर येत होता आणि पायातलं बळच गेलं. दोन माणसांनी काखेत हात घालून त्याला काठावर ओढून घेतलं. पाय पाण्यात तसेच लोंबत राहिले.

तपासणीत मणक्यात पसरलेलं दिसलं. डॉक्टरांनी घरातलं मोठं माणूस म्हणून मास्तरांना आत बोलावलं. टेबलावर दोन फायली होत्या, एक त्यांची, एक भावाची.

"यांनी ऑपरेशन का नाही करून घेतलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, लक्ष ठेवू म्हणून?"

"ते तुम्हाला म्हणालो होतो." डॉक्टरांनी दोन्ही फायली उघडून त्यांच्यापुढे सरकवल्या आणि प्रत्येकीत एकेका आकड्यावर पेन टेकवलं. "हा तुमचा, सहा. गाठ किती जहाल ते हा आकडा सांगतो, सहा सगळ्यात खालचा, दहा सगळ्यात वरचा. तुम्ही कदाचित काही न करता पंचाऐंशी वर्षांपर्यंत जगला असतात. हा त्यांचा, नऊ. आजाराचं नाव एकच, पण आजार एक नव्हे. त्यांना मी तेव्हाच सांगितलं होतं की महिनासुद्धा घालवू नका. आमच्याकडून तीनदा फोन गेला. दुसरीकडे दाखवतोय म्हणाले."

मास्तर त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. मापं घेण्यात जन्म गेला होता, अर्ध्या बोटाचा फरक त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता वेदना कमी करू. इंजेक्शनं देऊ. थोडे महिने मिळतील."

मास्तर वॉर्डात आले तेव्हा भावजय खाटेच्या कडेला बसली होती. तिलाही कोणीतरी कागद वाचून दाखवला असावा. ती नवऱ्याला म्हणाली, "मी तारीख घेत होते. तुम्ही म्हणालात, दादाला विचारून आलोय." मग तिने मान वळवली. "दादा, काय सांगितलं होतंत तुम्ही यांना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मास्तरांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी उशीवरून धाकटा बोलला.

"दादा म्हणाला होता, करून घे. मीच घाबरलो. तुझ्याशी खोटं बोललो."

तो छताकडे बघत होता. मास्तरांना फक्त नाही म्हणायचं होतं, एक शब्द. ते सलाईनच्या बाटलीकडे बघत उभे राहिले, आणि तो एक शब्द काही त्यांच्या तोंडून बाहेर पडला नाही. उभ्या उभ्या त्यांची पँट ओली झाली. काळ्या कापडावर ते कोणाला दिसलं नाही.

नंतर दोघेच असताना त्यांनी विचारलं, "तसं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? माझ्यामागे इथे तिला तुझ्याशिवाय कोण आहे?" धाकट्याने कूस बदलायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मास्तरांनी पाय उचलून सरकवून दिले. "आणि दादा, तू जिवाला लावून घेऊ नकोस. मला तेच ऐकायचं होतं. तू कर म्हणाला असतास तर मी आणखी कोणाला तरी जाऊन विचारलं असतं."

हे त्याने भावाला धीर द्यायला सांगितलं की खरंच तसं होतं, ते मास्तरांना कधीच ठरवता आलं नाही.

धाकटा सात महिन्यांनी गेला. शेवटी त्याचे खांदे इतके उतरले होते की त्याचा सदरा मास्तरांनी दोनदा आत घेतला. पुढचे पंधरा दिवस माणसं भेटायला येत होती, आणि भावजय प्रत्येकाला तेच सांगत होती. "यांनी ऐकलं नाही. दादा स्वतः त्यातून गेलेले, त्यांनी हात जोडून सांगितलं होतं, करून घे." हात जोडून हे तिनेच घातलेलं होतं. माणसं मास्तरांकडे वळून मान हलवायची. कोणी म्हणायचं, तुम्ही तुमचं काम केलंत. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ते ऐकून घ्यायचे.

दोन महिन्यांनी त्यांची स्वतःची तपासणी आली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, म्हणाले, उत्तम आहे, आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "काही त्रास?"

मास्तरांना उठवेना. डॉक्टरांनी फायलीवरून डोळे वर केले.

"चार वर्षं झाली, गळतंय," मास्तर म्हणाले. "थांबतच नाही. आणि बायकोजवळही जाता येत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी वीस मिनिटं बोलण्यात घालवली आणि बाहेरच्या माणसांना थांबू दिलं. गळतीला उपाय होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या, आठ दिवसांत नव्हे, तीन-चार महिन्यांत फरक पडायचा. त्यानेही नाही भागलं तर मूत्रनळीला खालून आधाराला एक पट्टी बसवायची, लहानसं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. दुसऱ्या गोष्टीलाही गोळ्या होत्या, इंजेक्शन होतं. सगळं पहिल्यासारखं होतंच असं नाही, पण बऱ्याच जणांचं बरंच सुधारतं.

"तुम्ही आधी का नाही बोललात?" डॉक्टर म्हणाले. "मी दर वेळी विचारत होतो."

मास्तर चिठ्ठी घेऊन बाहेर आले आणि दवाखान्याच्या जिन्यावर बसून राहिले. लोक त्यांना वळसा घालून जात होते. भावाला त्या दुपारी त्यांनी जे जे सांगितलं होतं, तो खण, तो डाग, ती खाट, त्यातलं पुष्कळसं दुरुस्त होण्यासारखं होतं. त्यांनी ते जन्मठेपेसारखं सांगितलं होतं.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने आधी ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "चार वर्षं मी विचारतेय. मला नाही सांगितलंत. त्याला सांगितलंत."

"त्याने विचारलं."

"आणि मी काय करत होते?"

"तू 'बरे आहात ना' म्हणायचीस."

ती उठली. स्वयंपाकघरात गेली, भांडी घासलेली होती तीच पुन्हा घासायला घेतली. बऱ्याच वेळाने तिथूनच म्हणाली, "तिला सांगा. मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाही नाहीतर."

दुसऱ्या दिवशी मास्तर भावजयीकडे गेले. ती कपाट आवरत होती. पलंगावर पोहण्याचे चष्मे, शिट्ट्या, टॉवेल मांडून ठेवले होते. तिने चहाचं विचारलं, त्यांनी नको म्हटलं. ते बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगितलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, परत विचारलं तर नाही करणार हे वाक्यसुद्धा जसंच्या तसं. वॉर्डात आपण गप्प राहिलो तेही.

ती हातातल्या टॉवेलची घडी करत होती. ती घडी पूर्ण झाली.

"त्यांचा रिपोर्ट बघितला होतात तुम्ही?"

"नाही."

"जवळ होता त्यांच्या. माझ्यासमोर बॅगेत घातला होता त्यांनी. दादाला दाखवतो म्हणाले."

"त्याने काढला नाही. मी मागितला नाही."

"तुम्ही तुमचंच सांगत बसलात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. दुसरा टॉवेल घडीला घेत ती म्हणाली, "आता जा तुम्ही, दादा."

ते गेले. पायऱ्या उतरताना मागे दार लागल्याचा आवाज आला.

बायकोने त्यांच्या मागे लागून व्यायाम करवले, आणि पाचव्या महिन्यात ती पट्टीही बसवून घ्यायला लावली. मास्तर नको म्हणत होते. आपलं कोरडं होणं म्हणजे भावाच्या वाट्याचं काहीतरी आपण खाल्ल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत होतं, पण हे सांगायचं कसं ते सुचेना म्हणून ते तयार झाले. ऑपरेशन छान झालं. सहा आठवड्यांत पॅड सुटले. एक लठ्ठ गिऱ्हाईक ट्रायलला आलं, कमरेत फसलं आणि म्हणालं, "मास्तर, तुमचा टेप आटलाय." चष्मेवाल्यासकट सगळे हसले. मास्तरही हसले, चांगले पोट धरून, आणि एक थेंब गळला नाही. तसे ते पडद्याआड गेले आणि बाहेरून हाक येईपर्यंत तिथल्या आरशाकडे पाठ करून उभे राहिले.

भावजय मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेली. बायकोला तिचा अधूनमधून फोन येतो. पोरीची नोकरी, गुडघे, भाड्याचं घर, असं दोघी बोलतात. मागच्या आठवड्यात बायकोने न विचारता फोन मास्तरांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि म्हणाले, "अगं, कशी आहेस?"

पलीकडून श्वास ऐकू आला. तिने फोन ठेवला नाही, बोललीही नाही. मास्तर धरून उभे राहिले. मग बायकोने तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि, "हं, बोल," म्हणत ती आतल्या खोलीत गेली.